पुठ्ठ्याचा रणगाडा आणि मापाची गंमत



दिवाळीत आपण अंगणात किल्ला करतो. दगड रचायचे, वर गोणपाट टाकायचे, लाल मातीचा चिखल लिंपायचा आणि हळीव पेरायचे. चार दिवसांत हिरवेगार रान उगवते. मग बाजारातले मातीचे मावळे आणून जागोजागी उभे करायचे. किल्ला छान दिसतो. पण जरा नीट बघा, काय दिसते? पहारेकरी दरवाज्यापेक्षा उंच! तोफ पहारेकऱ्याच्या चपलेएवढी! आणि पायथ्याशी ठेवलेली प्लॅस्टिकची मोटार अख्ख्या माचीएवढी! महाराजांची मूर्ती आपण मोठी ठेवतो ती मानाची, तिला माप लावायचे नसते. पण बाकीच्यांनी तरी एकमेकांच्या मापात राहायला नको का?

असे होते, कारण प्रत्येक वस्तू वेगळ्या मापाने लहान झालेली असते. सगळ्या वस्तू एकाच आकड्याने भागून लहान केल्या, तर लहानपणीही त्यांचे एकमेकांशी नाते तसेच राहते. अशा वस्तूला प्रतिकृती म्हणतात. खेळणे आणि प्रतिकृती यांत फरक आहे तो एवढाच.

या लेखात आपण पुठ्ठ्याचा एक रणगाडा मापात बनवणार आहोत, आणि मग तसे चार-सहा रणगाडे घेऊन टेबलावर नियमांची लढाई खेळणार आहोत. रणगाडाच का? किल्ले सगळे वेगवेगळे असतात, त्यामुळे आपला किल्ला मापात चुकला तरी कोणी बोलत नाही. एका जातीचे रणगाडे मात्र एकसारखे असतात. त्यांची मापे छापलेली मिळतात. चूक झाली की पट्टी लगेच सांगते.

रणगाडा कशासाठी जन्मला?

पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये दोन्हीकडचे सैनिक चर खणून बसले होते. मध्ये काटेरी तारा आणि समोर मशीनगन. जो बाहेर पडेल तो मरेल, अशी स्थिती. तेव्हा इंग्रजांनी जाड पोलादी पत्र्याची, तारा चिरडत आणि चर ओलांडत जाणारी गाडी तयार केली. १५ सप्टेंबर १९१६ या दिवशी सोमच्या लढाईत ती पहिल्यांदा रणांगणावर आली. गाडी बनत असताना शत्रूला सुगावा लागू नये म्हणून, या पाण्याच्या टाक्या आहेत, असे सांगत. म्हणून इंग्रजीत तिचे नाव ‘टँक’ पडले ते कायमचे. आपल्या मराठीत रणगाडा हा शब्द आहे. रणातला गाडा. किती नेमका!

रणगाड्याला जमिनीवर टेकणारे टायर नसतात, पोलादी पट्टे असतात. ते कशाला, हे रेवदंड्याच्या मुलांना वेगळे सांगायला नको. पुळणीवर नेलेली मोटार वाळूत रुतते आणि मग दहाजणांना ढकलावी लागते, हे आपण पाहिलेले आहे. चाक वाळूवर अगदी थोड्या जागेत टेकते, म्हणून सगळा भार तेवढ्याच जागेवर येतो. पट्टा लांबलचक टेकतो, म्हणून भार वाटला जातो. आपण जो रणगाडा बनवणार आहोत त्याचे वजन सुमारे ५१ टन. त्याचे दोन पट्टे, प्रत्येकी ६१ सें.मी. रुंद, आणि जमिनीला टेकलेली लांबी साधारण साडेचार मीटर. गणित करून बघा. एका चौरस सेंटीमीटरवर एक किलोसुद्धा भार येत नाही. ५१ टनांचे धूड, पण शेतातून चालू शकते ते यामुळे.

आपला रणगाडा : सेंच्युरियन

आपण निवडलेल्या रणगाड्याचे नाव सेंच्युरियन. तो इंग्लंडमध्ये तयार झाला आणि भारताच्या सैन्यात १९६५ आणि १९७१ या दोन्ही युद्धांत लढला. त्याच काळात, १९६५ पासून, चेन्नईजवळ आवडी येथे आपल्या देशात विजयंत नावाचा रणगाडाही बनू लागला.

सेंच्युरियनशी महाराष्ट्राचे जवळचे नाते आहे. पुण्याचे नाव धारण करणारी ‘पूना हॉर्स’ ही जुनी पलटण १८१७ साली उभी राहिली. पूर्वी ती घोडेस्वारांची होती, पुढे घोडे गेले आणि रणगाडे आले. १९६५ च्या युद्धात या पलटणीचे प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर. त्यांचा जन्म मुंबईचा आणि शिक्षण पुण्याचे. जखमी झाल्यावरही ते मागे फिरले नाहीत, आणि १६ सप्टेंबर १९६५ रोजी त्यांना वीरमरण आले. १९७१ साली याच पलटणीत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल होते. त्यांचा जन्म पुण्याचा, १९५० सालचा. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतर नदीजवळच्या लढाईत ते शत्रूच्या रणगाड्यांवर तुटून पडले. त्यांचा स्वतःचा रणगाडा पेटला. मागे या, असा हुकूम आला. माझी तोफ चालू आहे, मी रणगाडा सोडणार नाही, असे त्यांनी कळवले आणि तोफ चालवीत राहिले. तेव्हा त्यांचे वय होते अवघे २१ वर्षे. दोघांनाही परमवीर चक्र मिळाले.

खेत्रपाल यांच्या रणगाड्याचे नाव होते फॅमागुस्टा. तो अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, चिलखती दलाच्या केंद्रात जपून ठेवलेला आहे. त्याच शहरात १९९४ साली रणगाड्यांचे संग्रहालयही सुरू झाले. सहलीला जाण्यासारखे ठिकाण आहे.

माप ठरवू या

दुकानात मिळणारे प्लॅस्टिकचे रणगाडे ७२ पट किंवा ३५ पट लहान केलेले असतात. आपल्याला भागाकार सोपा हवा. म्हणून आपण १०० पट लहान करू. एक मीटर म्हणजे शंभर सेंटीमीटर. त्याला शंभराने भागले की एक सेंटीमीटर. म्हणजे पुस्तकात जिथे मीटर लिहिले असेल, तिथे पट्टीवर तेवढेच सेंटीमीटर मोजायचे. झाले गणित! या मापाला १ : १०० असे लिहितात.

आता ही मापे वहीत उतरवून घ्या.

धडाची लांबी : खरी ७.६ मीटर, आपली ७.६ सें.मी.
तोफेसकट लांबी : खरी ९.८ मीटर, आपली ९.८ सें.मी.
रुंदी : खरी ३.४ मीटर, आपली ३.४ सें.मी.
उंची : खरी ३ मीटर, आपली ३ सें.मी.
पट्ट्याची रुंदी : खरी ६१ सें.मी., आपली ६ मि.मी.
पोटाखालची मोकळी जागा : खरी ५० सें.मी., आपली ५ मि.मी.
शेजारी उभा राहणारा शिपाई : खरा १७० सें.मी., आपला १७ मि.मी.

आपली एस.टी. डोळ्यांसमोर आणा. रणगाड्याचे धड एस.टी.पेक्षा आखूड आहे, पण रुंदीला तो एस.टी.पेक्षा जवळजवळ एक मीटर जास्त आहे. रेवदंड्याच्या बाजारातून तो वळवायचा म्हटला तर काय होईल, याचा विचार करा!

साहित्य

१) दीड मि.मी. जाडीचा पुठ्ठा. जुन्या वहीचा किंवा खोक्याचा चालेल. पाच तुकडे एकावर एक ठेवून पट्टीने मोजा. साडेसात मि.मी. भरले की एकाची जाडी दीड मि.मी.
२) माडाच्या झापाचा एक सरळ हीर.
३) शर्टाचे एक लहान बटण, साधारण अडीच मि.मी. जाड.
४) आगकाडी एक, गूल काढून टाकलेली.
५) डिंक किंवा गव्हाच्या पिठाची खळ.
६) पट्टी, पेन्सिल, कंपासपेटीतले कर्कटक, कात्री.
७) रंगाच्या वड्या किंवा बाटलीतले रंग : पिवळा आणि काळा.

पुठ्ठ्याबद्दल एक गंमत सांगतो. सेंच्युरियनच्या वरच्या फिरत्या बुरुजाची समोरची भिंत १५२ मि.मी. जाड पोलादाची आहे. तिला शंभराने भागा. दीड मि.मी.! म्हणजे हातातला पुठ्ठा जेवढा जाड, तेवढेच या मापात त्याचे चिलखत. धडाच्या पुढच्या बाजूचे पोलाद ७६ मि.मी., म्हणजे पुठ्ठ्याच्या निम्मे. आणि धडाच्या बाजूचे अवघे ५१ मि.मी., म्हणजे पुठ्ठ्याच्या एक तृतीयांश. हे लक्षात ठेवा. पुढे खेळात उपयोगी पडेल.

कृती

पोट : २.२ सें.मी. रुंद आणि ७ सें.मी. लांब असे पाच तुकडे कापा. एकावर एक चिकटवा. जाडी साडेसात मि.मी. होईल. वर पुस्तकांचा भार ठेवून रात्रभर वाळू द्या. घाई केली तर थर सुटतात आणि पुठ्ठा वाकतो.

पट्टे : ७.४ सें.मी. लांब आणि साडेबारा मि.मी. उंच असे आठ तुकडे कापा. चारही कोपरे गोलसर करा. चार-चार तुकडे चिकटवून दोन पट्टे तयार करा. चार थर म्हणजे ६ मि.मी., आपल्याला हवी तेवढीच रुंदी. हे पट्टे पोटाच्या दोन्ही बाजूंना उभे चिकटवा. पट्ट्याची वरची कड आणि पोटाची वरची बाजू एका पातळीत आली पाहिजे. म्हणजे पोटाखाली आपोआप ५ मि.मी. जागा मोकळी राहते. रुंदी मोजा : २.२ अधिक ०.६ अधिक ०.६. बरोबर ३.४ सें.मी.

वरचे धड : चार तुकडे कापा. चारही ३.४ सें.मी. रुंद. लांबी मात्र ७.६, ७.४, ७.२ आणि ७ सें.मी. सर्वांत लांब तुकडा खाली. मागची बाजू सगळ्यांची जुळवायची, पुढे पायऱ्या पडतील. त्या पायऱ्यांवर कागदाची पट्टी चिकटवली की पुढची बाजू उतरती होते. खऱ्या रणगाड्याचीही ती उतरतीच असते, कारण तिरप्या भिंतीवरून गोळा घसरून जाण्याचा संभव असतो. हे सगळे पोट आणि पट्ट्यांवर बसवा.

फिरता बुरूज : साधारण ३ सें.मी. लांब आणि २.४ सें.मी. रुंद असे सहा तुकडे. समोरून थोडे निमुळते कापा. वरचे तुकडे जरा लहान घ्या. तिसऱ्या थराला समोरून हिराएवढी खाच ठेवा. सहा थरांची उंची ९ मि.मी. वर एका बाजूला बटण चिकटवा. ते रणगाड्याच्या प्रमुखाचे झाकण. प्रमुख त्यातून डोके बाहेर काढून पाहतो.

तोफ : हीर खाचेत घालून चिकटवा. टोक धडाच्या पुढे २.२ सें.मी. येईल असे कापा. ७.६ अधिक २.२ म्हणजे ९.८. जमले! या तोफेच्या नळीचे भोक खरे ८४ मि.मी.चे आहे. आपल्या मापात ते एक मि.मी.पेक्षाही लहान होते, म्हणून भोक पाडायच्या भानगडीत पडू नका.

बुरूज फिरला पाहिजे : धडाच्या वर मध्याच्या किंचित पुढे कर्कटकाने भोक पाडा. आगकाडीचा तुकडा बुरुजाच्या खाली चिकटवा आणि भोकात नुसता घाला. तिथे डिंक लावायचा नाही. बुरूज न फिरणारा रणगाडा म्हणजे मान अवघडलेला माणूस.

बाजूचे पत्रे : सेंच्युरियनच्या बाजूला चाकांवर झाकणासारखे पत्रे असतात. हे आपल्या फायद्याचे आहे. प्रत्येक बाजूला सहा चाके असतात, पण वरचा अर्धा भाग पत्र्याआड जातो. तेव्हा पट्ट्यावर फक्त चाकांचे खालचे अर्धे काढा आणि वर जाड कागदाची पट्टी चिकटवा.

आता उंची मोजा. पट्टा १२.५ मि.मी., धड ६, बुरूज ९, बटण २.५. बेरीज ३० मि.मी. म्हणजे ३ सें.मी.

रंग : पिवळ्या रंगात थोडा-थोडा काळा मिसळत जा. बघता बघता लष्करी हिरवा रंग तयार होतो. हिरवी वडी लागतच नाही. चिखलाचे डाग द्यायचे तर आपली लाल माती वापरू नका. ही लढाई पंजाबच्या मुलखातली. तिकडची माती पिवळसर करडी असते.

शंभर पट लहान, पण वजन किती पट?

लांबी शंभर पट कमी झाली. मग वजनही शंभर पट कमी होईल का? म्हणजे ५१ टनांचे अर्धा टन? अर्ध्या टनाचा रणगाडा टेबलावर कसा ठेवणार!

इथेच गंमत आहे. लांबी शंभर पट कमी झाली, रुंदी शंभर पट कमी झाली आणि उंचीही शंभर पट कमी झाली. म्हणून वजन १०० गुणिले १०० गुणिले १००, म्हणजे दहा लाख पटींनी कमी होते. ५१ टन म्हणजे ५१,००० किलो. भागिले दहा लाख. उत्तर ५१ ग्रॅम! खऱ्या पोलादाचा, आतून-बाहेरून तंतोतंत तसाच, पण शंभर पट लहान रणगाडा केला, तर तो इतका हलका भरेल.

आता दुसरे गणित. आपला रणगाडा आतून भरीव आहे. त्याचे घनफळ सुमारे ४० घन सें.मी. होते. तेवढे भरीव लोखंड घेतले तर वजन ३०० ग्रॅमच्या वर जाते, कारण एक घन सें.मी. लोखंड जवळजवळ ८ ग्रॅम भरते. पण खऱ्याच्या हिशेबाने वजन यायला हवे ५१ ग्रॅम. मग उरलेले लोखंड गेले कुठे? अर्थ उघड आहे. खरा रणगाडा आतून पोकळ आहे. त्या पोकळीत इंजिन आहे, दारूगोळा आहे आणि चार माणसे आहेत. चालक, तोफ डागणारा, तोफेत गोळा भरणारा आणि प्रमुख. नुसत्या भागाकाराने आपण रणगाड्याच्या पोटात डोकावलो की नाही?

टेबलावरची लढाई

लढाईचा खेळ आपल्याला नवा नाही. जुन्या काळी आपल्या देशात चतुरंग खेळत. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही त्याची चार अंगे. त्यातूनच बुद्धिबळ आले. पण बुद्धिबळात मैदान सपाट असते. डोंगर नाही, नदी नाही. १८२४ साली जर्मनीतील प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने खऱ्या नकाशावर फासे टाकून खेळायची लढाई आणली. नकाशाचे माप होते १ : ८०००. अधिकारी तिच्यावर शिकत. पुढे १९१३ साली प्रसिद्ध इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी मुलांच्या खेळातल्या शिपायांसाठी नियमांचे पुस्तक लिहिले. त्यांच्याकडे स्प्रिंगची खेळण्यातली तोफ होती. ती लाकडाची लहानशी गोळी उडवी. शिपाई पडला तर मेला, उभा राहिला तर जगला. वाद नाही!

पटांगणात आपण लढाई खेळतो तेव्हा काय होते? “तुला गोळी लागली!” “नाही लागली!” “लागली!” आणि मग खेळ राहतो बाजूला, खरीच मारामारी सुरू होते. नियम नसले आणि माप नसले की जो मोठ्याने ओरडतो तो जिंकतो. लहान मुलगा नेहमी हरतो. टेबलावरच्या खेळात ओरडून चालत नाही. दोरी सांगेल तेवढे अंतर आणि फासा सांगेल तेवढे यश. इयत्ता पहिलीचा मुलगा सातवीच्या मुलाला इथे हरवू शकतो.

मैदान कसे मांडायचे? एक मोठी अडचण आहे. रणगाडे एक किलोमीटरवरूनही तोफ डागतात. १ : १०० च्या मापात एक किलोमीटर म्हणजे १० मीटर. तो वर्गाच्या भिंतीबाहेर जाईल! म्हणून खेळणारे लोक दोन मापे वापरतात. रणगाडे, शिपाई, झाडे आणि टेकड्या १ : १०० च्या मापात, पण चालण्याचे आणि तोफेचे अंतर १ : १००० च्या मापात. म्हणजे टेबलावरचा एक मीटर हा एक किलोमीटर. ही एक सवलत आहे, आणि ती दोन्ही बाजूंना सारखी आहे म्हणून चालते.

मैदान वाळूचे केले तर फारच छान. सैन्यातही लढाईपूर्वी वाळूत टेकड्या, नदी, रस्ते मांडून अधिकाऱ्यांना समजावून सांगतात. रेवदंड्याला वाळूचा काय तोटा! ओली वाळू पाटावर किंवा मोठ्या परातीत घ्या. निळ्या कागदाची नदी करा. सुरूच्या डहाळ्यांची झाडे लावा.

खेळाचे नियम

१) दोन गट. प्रत्येकाचे तीन रणगाडे. आळीपाळीने डाव.
२) एक डाव म्हणजे एक मिनिट. शेतातून रणगाडा ताशी १५ किलोमीटर वेगाने जातो असे धरू. म्हणजे मिनिटाला २५० मीटर. टेबलावर २५ सें.मी. एवढी सुतळी कापून ठेवा. वितीने मोजू नका, प्रत्येकाची वीत वेगळी असते.
३) आपल्या डावात प्रत्येक रणगाडा एक तर चालेल, नाही तर तोफ डागेल. दोन्ही नाही.
४) तोफ डागताना तोफेपासून शत्रूपर्यंत दोरा ताणा. दोरा टेकडीला किंवा झाडाला अडला तर तोफ डागता येत नाही.
५) अंतर ५० सें.मी.पर्यंत असेल तर फाशावर ३ किंवा जास्त पडल्यास नेम लागला. ५० ते १०० सें.मी. असेल तर ५ किंवा ६ हवेत.
६) नेम लागला तरी चिलखत फुटले पाहिजे. पुन्हा फासा टाका. समोरून मारले असेल तर ५ किंवा ६ पडायला हवेत. बाजूने असेल तर ३ किंवा जास्त. मागून असेल तर २ किंवा जास्त.
७) चिलखत फुटले की तो रणगाडा त्या जागीच बाद.

आता अपूर्णांकांची गंमत बघा. जवळून नेम लागण्याची शक्यता सहांत चार. समोरचे चिलखत फुटण्याची सहांत दोन. दोन्ही घडण्याची शक्यता ४/६ गुणिले २/६, म्हणजे ८/३६. तेच बाजूने मारले तर ४/६ गुणिले ४/६, म्हणजे १६/३६. बरोबर दुप्पट! म्हणून शहाणा खेळाडू समोरासमोर धावत नाही. एक रणगाडा टेकडीआड लपवतो, शत्रूला पुढे येऊ देतो आणि बाजूने गाठतो. शिवाजी महाराजांच्या मावळ्यांना हे कोणी शिकवायला नको होते. अंगावर थेट न जाता अडचणीच्या जागी गाठायचे, हाच तो गनिमी कावा.

पुठ्ठ्यात न दिसणारी गोष्ट

फासा पडतो, रणगाडा बाद होतो. आपण तो उचलून बाजूला ठेवतो आणि मधल्या सुट्टीत पुन्हा डाव मांडतो. खऱ्या रणगाड्याचे तसे नसते. मघाशी आपण हिशेब करून काढले की तो पोकळ आहे आणि आत चार माणसे आहेत. एकाचा मुलगा गावाकडे वाट पाहत असतो, दुसऱ्याची आई.

म्हणून एक काम प्रत्येकाने करावे. प्रत्येक रणगाड्याबरोबर १७ मि.मी. उंचीचे चार शिपाई मेणाचे किंवा मातीचे करावेत. आगकाडीच्या निम्म्याहूनही लहान होतात. खेळ सुरू होण्यापूर्वी ते रणगाड्यासमोर ओळीत उभे करावेत. रणगाडा बाद झाला की त्याचे चारही शिपाई टेबलावरून काढून वेगळ्या ताटलीत ठेवावेत. डाव संपल्यावर कोण जिंकले ते बघाच, पण ताटलीत किती शिपाई जमले तेही मोजा. जिंकलेल्या गटाच्या ताटलीतसुद्धा बहुधा काही असतातच.

वेल्स यांनीही आपल्या पुस्तकाच्या शेवटी असेच काहीसे लिहिले. छोटी लढाई खेळून पाहिली की खरे युद्ध हा केवढा गोंधळाचा आणि चुकांचा कारभार असतो ते कळते, असे त्यांचे म्हणणे. ते पुस्तक १९१३ सालचे. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले.

पालकांसाठी दोन शब्द

पालकहो, या कामाला दुकानातून काही महाग आणावे लागत नाही. रद्दीतला पुठ्ठा आणि परसातला हीर पुरे. दीड मि.मी.चा पुठ्ठा कात्रीने कापायला लहान मुलांना जड जातो. तो तेवढा मोठ्यांनी कापून द्यावा. ब्लेड मुलांच्या हाती देऊ नये. आखणी मात्र मुलांनाच करू द्यावी. रेघ वाकडी आली तर खोडून पुन्हा आखायला सांगावी. दशांश अपूर्णांक, प्रमाण, घनफळ हे पुस्तकात कठीण वाटणारे धडे हातात पुठ्ठा आला की सोपे होतात. मुलींनाही यात घ्यावे. पट्टी आणि फासा मुलगा-मुलगी बघत नाहीत.

सोडवा पाहू!

१) बाजारातला मावळा ८ सें.मी. उंच आहे. खरा माणूस १६० सें.मी. धरला तर मावळ्याचे माप कोणते? त्याच मापाने ६ मीटर उंच तटबंदी दिवाळीच्या किल्ल्यात किती उंच करावी?

२) एक मीटरची काठी उन्हात उभी केली. तिची सावली ८० सें.मी. पडली. त्याच वेळी माडाची सावली १२ मीटर होती. माड किती उंच? १ : १०० च्या मापात तो किती होईल? (ही रीत जमली की आगरकोटातल्या सातखणी मनोऱ्याची उंचीही सावलीवरून काढून पाहा. मनोऱ्याच्या पडीक भागावर चढायचे नाही.)

३) आपल्या नियमांप्रमाणे जवळून आणि मागून तोफ डागली, तर रणगाडा बाद होण्याची शक्यता किती?

४) सेंच्युरियन १ : ५० च्या मापात पोलादाचा तंतोतंत केला तर वजन किती भरेल?

उत्तरे : (१) माप १ : २०, तट ३० सें.मी. (२) माड १५ मीटर, प्रतिकृती १५ सें.मी. (३) ४/६ गुणिले ५/६, म्हणजे २०/३६. (४) ४०८ ग्रॅम. लांबी दुप्पट झाली की वजन आठपट होते.